जुन्या बोलेरोची कटकट : कुठला आवाज चालवून घ्यायचा, कुठला नाही

बेळगाव, खानापूर, चंदगड, पलीकडे सत्तरी. या पट्ट्यात जुनी बोलेरो नाही असं गाव सापडणं कठीण. 2000 साली ही गाडी बाजारात आली आणि तेव्हाच्या कित्येक गाड्या अजून उसाच्या फडापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळीकडे पळताहेत. गाडी दणकट आहे यात वाद नाही. पण वय झालं की ती बोलायला लागते, आणि मालक एक तर काच वर करून गाणी मोठी लावतो, नाही तर गॅरेजला जाऊन "आवाज येतोय, बघा" एवढंच सांगतो. एवढ्यावर मेस्त्री तरी काय करणार? तो अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातो आणि बिल आपण भरतो.

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो हे महत्त्वाचं. ब्रेक दाबल्यावर येतो, वळताना येतो, खड्ड्यात येतो, की क्लच सोडताना? एवढं नीट सांगितलं तर निम्मं काम तिथंच झालं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आवाज मागच्या पाट्यांचा. बोलेरोला मागे पाटे आहेत. धूळ-चिखल बसला, बुश सुकले की स्पीड ब्रेकरवर कुरकुर सुरू होते. ऐकायला वाईट, पण सहसा धोका नाही. आपल्याकडे यावर जळकं ऑइल ओतायची जुनी पद्धत आहे. चार दिवस बरं वाटतं, नंतर तेच ऑइल रबरी बुश फुगवतं आणि त्यावर आणखी धूळ चिकटते. पाटे धुऊन घ्या, बुश बघा. मात्र कुरकुरीच्या जागी 'ठक्क' असा आवाज येत असेल किंवा गाडी मागून एका बाजूला बसलेली दिसत असेल, तर पाटा तुटलाय का, यू-बोल्ट ढिला झालाय का हे त्याच दिवशी बघायला हवं.

दुसरा आवाज क्रॉसचा. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, त्यामुळे मध्ये लांब शाफ्ट आणि त्याच्या टोकांना क्रॉस. पहिल्या गिअरवरून रिव्हर्सला टाकून क्लच सोडला की खालून 'टण्' वाजतं ते बऱ्याचदा इथूनच. सुरुवातीला ग्रीसवर भागतं. पुढे वेगात गाडी थरथरायला लागली तर मात्र क्रॉस बदलाच. शाफ्ट पुढच्या टोकाला सुटला तर रस्त्यात रुतू शकतो, आणि तेव्हा स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखंच.

आता घूं-घूं. यात मालक आणि मेस्त्री दोघांचाही घोळ होतो, कारण टायर, बेअरिंग आणि मागचं हाउसिंग तिन्ही सारखेच घुमतात. ओळखायची रीत सोपी आहे. रस्ता गुळगुळीत झाल्यावर आवाज बदलला तर टायर. डावीकडे वळण घेताना वाढला तर उजव्या चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. उजवीकडे वळताना याच्या उलट. आणि ॲक्सिलरेटर दाबला की एक सूर, सोडला की दुसरा, असं असेल तर हाउसिंग. आधी तिथलं ऑइल किती आहे ते बघा. कित्येक गाड्यांत इंजिनचं ऑइल वेळेवर बदलतात, हाउसिंगची मात्र कुणाला आठवणही नसते.

क्लचचंही असंच. दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंग. न दाबता येतो आणि दाबला की जातो, तर गिअरबॉक्सकडे बघायचं. दुसरा खर्च मोठा असतो, म्हणून हा फरक गाडी खोलण्याआधीच सांगून ठेवा. पहाटे थंड इंजिनची खडखड, टर्बोची बारीक शिट्टी, पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कची पहिल्या दोन-तीन ब्रेकला येणारी खरखर, हे सगळं चालायचंच. शिट्टी अचानक वाढून काळा धूर आणि ओढ कमी, असं झालं तर पाइप फाटलाय का बघा.

पुढच्या बाजूची खटखट मात्र हलक्यात घेऊ नका. लहान खड्ड्यात वाजत असेल तर कदाचित लिंक रॉड किंवा बुश असेल, स्वस्तात सुटेल. पण बॉल जॉइंट असेल तर तो निखळून चाक दुमडतं. गाडी जॅकवर, खाली घोडा लावून, चाक वर-खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग; आडवं धरून हलवल्यावर जाणवला तर टाय रॉड. हे पाच मिनिटांचं काम कोणीही मेस्त्री करून देतो.

आणि ब्रेक. बारीक किरकिर म्हणजे पॅड संपत आल्याचा इशारा असू शकतो. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खर्र आली की पॅड संपलेच. अशा गाडीने जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा नाही, पलीकडे लग्न असलं तरी. ब्रेक ऑइलचीही चौकशी करा. ते हवेतली ओल ओढून घेतं, जुनं झालं की लांब उतारावर तापून उकळतं आणि पेडल खाली जातं. ही गोष्ट आवाज न करता होते. घाट ज्या गिअरवर चढता त्याच गिअरवर उतरा, न्यूट्रल तर कधीच नको.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण. कर्नाटकची पाटी असो, गोव्याची की महाराष्ट्राची, नियम तोच. त्या तपासणीच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा पाऊस ओसरल्यावर एकदा गाडी रॅम्पवर चढवा. जाण्याआधी आठवडाभर आवाज कधी, किती वेगात, कुठल्या बाजूने येतो ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. जमलं तर मागच्या सीटवर कुणाला तरी बसवून ऐकायला सांगा. चालवणाऱ्याच्या कानाला त्या आवाजाची सवय झालेली असते.