विश्लेषण : सातपुड्यापर्यंत समुद्र आला होता का? तिळाएवढ्या जीवाश्मांची साक्ष काय सांगते?

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी चाखले, की 'इथे कधीकाळी समुद्र होता का?' हा प्रश्न सहज पडतो. पाण्याच्या चवीवरून त्याचे उत्तर मिळत नाही. ते शोधायला भूवैज्ञानिक वेगळाच साक्षीदार बोलावतात. तिळाहूनही लहान, दोन शिंपल्यांत बंद असलेला हा जीव म्हणजे ऑस्ट्राकोड. मध्य भारतात सापडलेल्या त्याच्या जीवाश्मांनी दोन मोठ्या प्रश्नांना हात घातला आहे. समुद्र देशाच्या पोटात किती आत शिरला होता आणि भारत हे बेट असताना इथले जीव बाहेर कसे गेले?

ऑस्ट्राकोड म्हणजे काय?

ऑस्ट्राकोड हा खेकडा आणि झिंग्याच्या कुळातला जीव आहे. बहुतेक जातींची लांबी अर्धा ते दोन मिलिमीटर असते. अंगावर चुन्याचे दोन शिंपले असतात. वाढताना तो जुने शिंपले टाकून नवे तयार करतो. त्यामुळे एकच जीव तळाच्या गाळात अनेक शिंपले सोडून जातो आणि मूठभर मातीतही शेकडो नमुने मिळू शकतात. हे जीव आजही तळ्यांत, धानाच्या बांध्यांत, पावसाळी डबक्यांत आणि समुद्रात राहतात. गोड्या, मचूळ आणि खाऱ्या पाण्यातल्या जाती मात्र वेगवेगळ्या असतात. म्हणूनच शिंपल्याच्या आकारावरून आणि नक्षीवरून त्या काळचे पाणी कसे होते, हे ओळखता येते.

वऱ्हाडाशी त्यांचा संबंध काय?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे प्रवाह एकावर एक साचत होते. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ शांततेत जाई. त्या काळात खोलगट जागी तळी साचत, त्यांत गोगलगाई, मासे आणि ऑस्ट्राकोड वाढत. पुढचा लाव्हा येऊन तळे झाकून टाकी. काळ्या पाषाणात दाबल्या गेलेल्या या गाळाच्या पातळ थरांना इंटरट्रॅपीन थर म्हणतात. लाव्हाच्या खाली असलेले त्याहून जुने थर म्हणजे लमेटा. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातील सालबर्डी परिसरात हे लमेटा थर उघडे पडले असून तिथे डायनोसॉरचे अवशेष मिळाले आहेत.

या जीवाश्मांचा अभ्यास जुना आहे. निर्मलच्या डोंगररांगांतून माल्कमसन यांनी जमवलेल्या नमुन्यांतील ऑस्ट्राकोडची वर्णने १८४० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळी परिसरातून जीवाश्म गोळा केले. त्यांतील ऑस्ट्राकोडचा अभ्यास रूपर्ट जोन्स यांनी १८६० मध्ये मांडला आणि एका जातीला हिस्लॉप यांचे नाव दिले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे, तेच हे हिस्लॉप.

समुद्राचा पुरावा कुठे मिळाला?

अमरावतीच्या ईशान्येला, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचे गाव आहे. तिथल्या इंटरट्रॅपीन थरांत बहुतेक गोड्या पाण्याचे ऑस्ट्राकोड सापडतात. पण त्याच थरांच्या एका भागात मचूळ पाण्यात राहणाऱ्या निओसायप्रिडीससारख्या जाती मिळाल्या. त्यांच्यासोबत समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांची कवचेही होती. गेर्टा केलर, आशू खोसला, सुनील बाजपाई आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. त्यांच्या मते हा थर डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर लगेचच्या काळातला आहे आणि त्या वेळी समुद्राचा फाटा मध्य भारतापर्यंत आला असावा. नर्मदा आणि तापीच्या खचदऱ्या हा त्याचा संभाव्य मार्ग मानला गेला. पूर्णा ही तापीचीच उपनदी असल्याने वऱ्हाडासाठी हा मुद्दा जवळचा आहे.

असे पूर्वीही घडले होते. धार जिल्ह्यातील बाग परिसरात नर्मदेच्या खोऱ्यात याहून जुने सागरी थर आहेत. निओसायप्रिडीस मात्र पूर्वेला राजमहेंद्रीजवळच्या थरांतही सापडतो. त्यामुळे पाणी पश्चिमेकडूनच आले की गोदावरीच्या बाजूने, हा प्रश्न उरतो. झिलमिलीपासून किनाऱ्यापर्यंत सलग सागरी थर मिळालेले नाहीत. म्हणून समुद्राचा फाटा हा भक्कम तर्क असला, तरी त्याचा नकाशा अजून पूर्ण झालेला नाही.

इतका लहान जीव प्रवास कसा करतो?

गोड्या पाण्यातील अनेक ऑस्ट्राकोडची अंडी तळे आटल्यावरही कोरड्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. वारा, पुराचे पाणी, पक्ष्यांच्या पायांना लागलेला चिखल यांतून ती दुसऱ्या तळ्यात पोहोचतात. काही जातींत नराशिवायही प्रजनन होते. म्हणजे नव्या तळ्यात एकच मादी पोहोचली, तरी वसाहत उभी राहते. लाव्हाने एक तळे बुजवले तरी हे जीव संपले नाहीत, याचे रहस्य इथेच आहे. सागरी आणि बहुतेक मचूळ जातींकडे असे कोरड्यात टिकणारे अंडे नसते. त्यांना पाण्याचीच वाट लागते. त्यामुळे त्या आत सापडल्या, की समुद्राशी जोड होती का, हे तपासावे लागते.

'भारतातून बाहेर' ही कल्पना काय आहे?

त्या काळी भारत हे आशियाकडे सरकणारे बेट होते. पूर्वी काही अभ्यासकांना इथले ऑस्ट्राकोड चीन आणि मंगोलियातील जातींसारखे वाटत. रॉबिन व्हॉटली आणि सुनील बाजपाई यांनी नमुने नव्याने तपासले आणि २००६ मध्ये वेगळे चित्र मांडले. त्यांच्या मते यातील मोठा भाग फक्त भारतातच आढळणाऱ्या जातींचा आहे. म्हणजे त्या इथेच घडल्या. पुढे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला, तेव्हा काही वंश इथून बाहेर पसरले असावेत. शिंपल्यांतले साम्य खरे की वरवरचे, यावर या साऱ्या वादाचा निकाल ठरतो.

मग खारपाणपट्टा त्याच समुद्रामुळे झाला का?

तसे मानण्याचे कारण नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला गाळ लाव्हाच्या वर साचलेला आहे आणि तो फार अलीकडचा, गेल्या काही लाख वर्षांतला आहे. झिलमिलीचा समुद्र आणि हा गाळ यांच्यात सहा कोटींहून अधिक वर्षांचे अंतर पडते. सखल भाग, चिकणमातीचे जाड थर, पाण्याचा मंद निचरा आणि कोरडे हवामान यांमुळे पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. खारेपणाची कारणे इथे शोधली, तरच निचरा, शेततळी, पावसाच्या पाण्याची साठवण असे उपाय नेमके ठरतात.

पुढे काय?

इंटरट्रॅपीन थर अनेक ठिकाणी जेमतेम काही फूट जाडीचे असतात. गिट्टीच्या खाणीत किंवा रस्त्याच्या कामात असा थर एका हंगामात नाहीसा होऊ शकतो. प्रयोगशाळेत त्याची माती भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशने एकेक शिंपला वेचला जातो. थरच उरला नाही, तर वेचायला काही राहत नाही. काळ्या दगडाच्या दोन थरांत गोगलगाईंचे ठसे असलेला पांढुरका किंवा करडा पट्टा दिसला, तर तो न फोडता छायाचित्र आणि ठिकाण टिपून नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला किंवा अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवणे उपयोगाचे ठरेल. समुद्राच्या नकाशातला न सापडलेला तुकडा अशाच एखाद्या पट्ट्यात असू शकतो.