बाक कोठे ठेवावा

 

गेल्या महिन्यात आपल्या चिटणीसांनी मला विचारले, "सिस्टर, तुम्ही मुलीकडे हॉलंडला जाऊन-येऊन असता, तेथील काही सांगा." ट्युलिपची फुले आणि पवनचक्क्या यांचे वर्णन ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र एका बाकाविषयी बोलणार आहे.

माझी कन्या व जावई ॲम्स्टरडॅमजवळच्या एका गावी राहतात. त्यांच्या घरासमोर एक सार्वजनिक उद्यान आहे. फार मोठे नव्हे; एक तळे, थोडी हिरवळ, मुलांची घसरगुंडी आणि पावसात चिखलाने भरणारी एक वाट. या उद्यानाची सुधारणा करावयाचे ठरले, तेव्हा आराखड्याचे काम केवळ अधिकाऱ्यांकडे न राहता परिसरातील स्वयंसेवकांच्या एका मंडळाकडेही आले. तेथे या रीतीला 'इनस्प्राक' म्हणतात. म्हणजे ज्यांना निर्णय भोगावा लागणार, त्यांचे म्हणणे निर्णयापूर्वी ऐकून घेणे. कन्येने मला एका सायंकाळी त्या सभेस नेले. मला डच भाषा येत नाही, मी तेथे पाहुणी. तरीही कॉफीच्या पेल्याबरोबर माझ्या हाती एक पेन्सिल देण्यात आली.

मेजावर उद्यानाचा मोठा नकाशा पसरलेला होता. जेथे बसावेसे वाटते तेथे हिरवी खूण, जेथे अडचण किंवा भीती वाटते तेथे तांबडी. मग वाद सुरू झाले. तरुणांना बास्केटबॉलची चौकट हवी होती, समोरच्या घरातील गृहस्थांना रात्रीच्या आवाजाची धास्ती होती, आणि कुत्री पाळणारे व लहान मुलांच्या आया यांचे तर जगात कोठेच जमत नाही. पालिकेचा माणूस शांतपणे काय अशक्य आहे तेवढे सांगत होता. वायूच्या नळावर झाड लावता येणार नाही. जमीन समुद्रसपाटीहून खाली आणि भुसभुशीत असल्याने जड फरसबंदी काही वर्षांत खचेल. शेवटी त्याने विचारले की नव्या रोपांना पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार? तेव्हा सभा काही क्षण गप्प झाली. मग एकेक नाव कागदावर लिहिले जाऊ लागले. माझ्या मते खरी योजना त्या कागदावर होती, नकाशावर नव्हे.

माझी पाळी आली तेव्हा मी बाकाविषयी बोलले. कन्येने भाषांतर केले. आराखड्यात पाठ नसलेले, हात नसलेले, बुटके सुंदर दगडी बाक होते. मी सांगितले की चाळीस वर्षे मी रुग्णांना खाटेवरून उठविले आहे. गुडघे झिजलेला माणूस हाताच्या आधाराने उठतो, पायांच्या बळावर नव्हे. बसण्याची जागा फार खाली असेल तर तो बसतच नाही. ज्याचे हृदय दुर्बळ, त्याला पुढचा बाक दिसत असेल तरच तो पहिल्या बाकावरून उठून चालू लागतो. बाक दूर असला की तो घरीच राहतो, आणि घरी राहिलेला माणूस लवकर खाटेला खिळतो. मंडळाने ते लिहून घेतले. इतक्या गांभीर्याने माझे ऐकून घेणारे डॉक्टरही मला थोडेच भेटले!

ही सवय त्या लोकांना एका दिवसात लागलेली नाही. महायुद्धानंतर ॲम्स्टरडॅम नगरपालिकेत आल्दो व्हान आईक नावाचे तरुण वास्तुविशारद होते. त्यांनी 1947 मध्ये बेर्टेलमनप्लाईन येथे मुलांसाठी पहिले क्रीडांगण रचले: वाळूचा हौद, लोखंडी दांड्या आणि बाक. ते पाहून इतर वस्त्यांतील रहिवासी पालिकेस पत्रे लिहू लागले की आमच्याही कोपऱ्यावर असे काही करा. 1978 पर्यंत अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे झाली. त्यांतील काही जुन्या यहुदी वस्तीत आहेत. तेथील माणसे छावण्यांत नेली गेल्यावर घरे ओस पडली. 1944-45च्या उपासमारीच्या हिवाळ्यात शहरातील लोकांनी त्यांतले लाकूड जळणासाठी उपसून नेले, आणि घरे कोसळली. त्या रिकाम्या भूखंडांवर मुले खेळू लागली.

सभा संपल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक बाई माझ्याजवळ आल्या. त्या म्हणाल्या, "मी तान्ही असताना माझ्या आईला बागेत बसण्याची मनाई होती." 15 सप्टेंबर 1941 पासून जर्मन अंमलाने यहुद्यांना उद्याने, उपाहारगृहे, वाचनालये, सारे बंद केले होते. फाटकावर पाटी लागे. भारतात आपल्या पूर्वजांनी अशी पाटी कधी पाहिली नाही, म्हणून हे मला पुन्हा विचारून घ्यावे लागले.

त्याच बाईंच्या सांगण्यावरून मी सार्फातीपार्क पाहावयास गेले. सॅम्युएल सार्फाती (1813–1866) हे पोर्तुगीज यहुदी कुळातील वैद्य. गरिबांच्या घरी जाऊन रोग पाहिल्यावर त्यांनी शहरातील कचरा उचलण्याची व्यवस्था उभारली आणि स्वस्त पावाचा कारखाना काढला. परिचारिकेला असा वैद्य आवडणारच. 1942 मध्ये त्या उद्यानाचे नाव बदलण्यात आले व त्यांचा अर्धपुतळा काढण्यात आला. 1945 मध्ये दोन्ही परत आली.

पण खरा पेच वेर्टहाईमपार्कचा. हे छोटेसे उद्यान यहुदी दानशूर बँकर वेर्टहाईम यांच्या नावाचे. तेथे 1993 पासून यान वोल्कर्स यांचे आउश्वित्झ स्मारक आहे. भंगलेल्या आरशांत आभाळ दिसते. नेदरलँड्समधून नेऊन मारल्या गेलेल्या 1 लाख 2 हजारांहून अधिक यहुदी, सिंती व रोमा लोकांची नावे कोरलेले नवे स्मारकही तेथेच उभारावे, अशी योजना निघाली. शेजाऱ्यांनी विरोध केला. उद्यान लहान, भिंतींनी ते भरून जाईल, आमच्या मुलांना दुसरी हिरवळ नाही, असे त्यांचे म्हणणे. मी हे प्रथम ऐकले तेव्हा माझा संताप झाला. मृतांच्या नावांना जागा नाकारणारे हे कोण? पण पेन्सिल हाती घेऊन मीही त्या सभेत बसले होते. आपल्या बाकासमोर अचानक भिंत येणार असेल, तर विचारण्याचा हक्क त्या लोकांना नाही, असे मला म्हणता येईना. त्याचबरोबर ज्यांना एकदा बागेतून हाकलले त्यांच्यासाठी जागा मागताना पुन्हा 'येथे नको' ऐकावे लागले, हेही मनातून जाईना.

स्मारक अखेर जवळच्या वेस्पेरस्त्राट रस्त्यावर झाले. तेथेही झाडे तोडण्यावरून तक्रारी झाल्या. 2019 मध्ये न्यायालयाने स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला. दानिएल लिबेस्किंड यांनी आखलेल्या या स्मारकाचे उद्घाटन 19 सप्टेंबर 2021 रोजी झाले. प्रत्येक विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मृत्यूसमयीचे वय. भिंतींवर आरशासारख्या पोलादाची चार हिब्रू अक्षरे आहेत; मिळून शब्द होतो 'लझेखेर', स्मरणार्थ. मी गेले त्या दिवशी विटांतून चालताना 'वय 1', 'वय 3' असे वाचून पाय थकले. तेथे बसावयास जागा शोधावी लागली, हे आमच्या धंद्याच्या माणसाच्या लक्षात येतेच.

कन्येच्या गावचे उद्यान गेल्या वर्षी तयार झाले. बाक लिंडनच्या झाडाखाली आहेत, एकावरून दुसरा दिसतो, पाठ आहे, दोन्ही बाजूंना हात आहेत. मात्र प्रत्येक बाकाच्या मधोमधही एक लोखंडी हात बसविला आहे. तो मी मागितला नव्हता. विचारले तेव्हा कळले, रात्री कोणी आडवे होऊ नये म्हणून. मी कन्येकडून डचमध्ये पत्र लिहवून घेऊन मंडळास पाठविले आहे. मार्चमध्ये सभा आहे.