न दुखणारी पेशंट

१९११ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये एक पेशंट दाखल झाली. पुरी माणसाच्या मापाची आणि प्रकृती ठणठणीत. पुढे ‘मिसेस चेस’ म्हणून ओळखली गेली. कुशीवर वळवा, अंग पुसा, चादर बदलताना पलंगावरून पाडा, बाईंची तक्रार नाही. तोवर तिथल्या मुली पेंढा भरलेल्या बाहुल्यावर हात बसवत. पेंढ्याला कुठला कोपर न्‌ कुठला गुडघा! म्हणून स्कूलच्या प्रमुख लॉडर सदरलँड यांनी ऱ्होड आयलंडच्या मार्था चेस यांना गाठलं. त्या मुलांसाठी कापडी बाहुल्या बनवत, वरून रंगाचा थर दिलेल्या, धुऊन काढता येण्याजोग्या. नवरा डॉक्टर. मिसेस चेस ही बाहुली मार्थाबाईंनीच घडवली.

१९१४च्या सुमारास बाहुली सुधारली. दंडावर इंजेक्शनची जागा आली, पोटात टाकी बसली. मला चेहऱ्यापेक्षा ही टाकी मोलाची वाटते. एनिमा दिल्याचा नुसता अभिनय संपला. आता पाणी खरोखर आत जाणार, आणि हात चुकला तर चादर भिजणार.

पण मिसेस चेस मुकी. दुखतंय का, हे विचारायची सवय तिच्यामुळे लागणार कशी? १९६०मध्ये तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी आलेली ‘रेससी ॲन’ही मुकीच, बनवणारे नॉर्वेचे आस्मुंड लेर्डाल, तेही खेळणीवाले. आजच्या सरावाच्या बाहुलीची, म्हणजे मॅनिकिनची, छाती हलते, नाडी लागते आणि काचेआडून शिकवणाऱ्या बाई माइकवर तिच्या तोंडून बोलतात.

वॉर्डातले निम्मे तास अशा सरावाला दिले तर? अमेरिकेतल्या दहा नर्सिंग कॉलेजांत हे करून पाहिलं. २०१४च्या अहवालानुसार परवाना परीक्षेच्या निकालात फरक पडला नाही. शिकवणाऱ्या मात्र तयारीच्या हव्यात. नाहीतर महागडं मॅनिकिन प्लॅस्टिकखाली झाकून खोलीला कुलूप, हेही मी पाहिलंय.

तयारी हवी, कारण खरा तास पलंगाशी नव्हे, नंतर गोल बसल्यावर सुरू होतो. त्याला डीब्रीफिंग म्हणतात. समजा, मॅनिकिन म्हणत होती, ‘सिस्टर, दम लागतोय, उठून बसू द्या.’ मुलीने ऑक्सिजन लावला, पण पेशंट आडवीच. बाई रागावत नाहीत. विचारतात, ‘ती काय म्हणत होती, ऐकलंस?’

‘ऐकलं, मॅडम. पण मी मास्क शोधत होते.’