भूमी, दफ्तर आणि मांडणशिल्प

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या दक्षिण तीरावर वसलेल्या मणिबेलीचे नाव जगाच्या कानी गेले ते सरदार सरोवराच्या पाण्यामुळे. राज्यातील जी ३३ गावे बुडीतक्षेत्रात आली त्यांत पाणी प्रथम शिरले ते याच गावी. आणि जागतिक बँकेने मोठ्या धरणांना कर्ज देऊ नये, अशी जी मागणी जून १९९४ मध्ये ४४ देशांतील ३२६ संस्था-संघटनांनी केली, तीही ‘मणिबेली जाहीरनामा’ याच नावाने ओळखली गेली. परंतु या डोंगरपट्टीतील पुष्कळशी जमीन दफ्तरी वनखात्याची, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या कसणारा तडवी, वसावे वा पावरा त्याच दफ्तरी अतिक्रमणदार. त्यामुळे सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही त्याने भूमीशी असलेला आपला संबंध सिद्ध कसा करावा, हा प्रश्न पाण्याच्याही आधी तेथे उभा होता. आदिवासी कलावंतांच्या अलीकडील मांडणशिल्पांचा विचार मला याच प्रश्नाच्या अनुरोधाने करावासा वाटतो.

जागेवर वस्तू मांडून अर्थ निर्माण करणे ही सातपुड्याला नवलाची गोष्ट नव्हे. त्याच तालुक्यातील काठी या गावी फाल्गुनात राजवाडी होळी होते, तेव्हा जंगलातून निवडून आणलेला उंच बांबू उभारला जातो. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू बांधलेले आणि अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी रेखलेले नर्तक रात्रभर त्याभोवती फेर धरतात, आणि पहाटे त्या साऱ्या रचनेला अग्नी दिला जातो. कलावस्तू टिकावी असा आग्रह येथे नाही. पुढील वर्षी तीच भूमी, तेच जंगल आणि तोच समाज पुन्हा एकत्र यावा, एवढीच अपेक्षा आहे, आणि धरणाने नेमका घाव घातला तो या अपेक्षेवर.

ऑस्ट्रेलियातील आदिवासींनी मात्र आपली कला सरकारदरबारी दाखल केली. यिर्काला येथील योल्ङु लोकांनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध १९६३ साली संसदेकडे अर्ज धाडले, तेव्हा त्या अर्जांचा मजकूर झाडाच्या सालीवर, कुलचिन्हांच्या रंगीत चौकटीत बसविलेला होता. १९७१ मध्ये न्यायालयाने त्यांचा भूमीवरील दावा फेटाळला, तरी पद्धत रूढ झाली. गोऱ्यांच्या वसाहतीला १९८८ साली दोनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने रामिंगिनिंगच्या कलावंतांनी दोनशे पोकळ खोडे, अर्थात त्यांच्याकडील पारंपरिक अस्थिपात्रे, रंगवून उभी केली. आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात असलेल्या या स्मारकातील वाट ग्लाइड नदीच्या प्रवाहानुसार आखलेली असून, ज्या कुळाची भूमी नदीच्या ज्या भागात, त्या कुळाचे खांब तेथेच उभे आहेत. ङुर्रारा लोकांनी तर १९९७ साली आठ मीटर रुंद व दहा मीटर लांब असे प्रचंड चित्र रंगवून वाळवंटात अंथरले आणि आपापल्या पाणवठ्याच्या चित्रावर उभे राहून न्यायाधिकरणापुढे साक्ष दिली. त्यांचा हक्क न्यायालयाने २००७ मध्ये मान्य केला. तेथील आदिवासी कलावंत आर्ची मूर याने २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात काळ्या भिंतींवर खडूने आपली अफाट वंशावळ लिहिली, मध्ये पाण्याच्या कुंडावर सरकारी कोठडीतील मृत्यूंच्या चौकशीचे कागद गठ्ठ्यांनी मांडले आणि सुवर्णसिंहाचा मान मिळविला; ज्या दफ्तराने माणसांना नाकारले तेच येथे कलावंताच्या पुराव्यात जमा झाले.

आपल्याकडील वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांचा मार्ग निराळा पडला. डहाणूच्या परिसरात सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखायचा लग्नचौक त्यांच्या हाती कागदावर आला. पॅरिसच्या १९८९ च्या प्रसिद्ध प्रदर्शनात तेही होते आणि युएंडुमूच्या वार्लपिरी कलावंतांनी जमिनीवर घातलेले मातीचे चित्रही होते. त्याच प्रदर्शनात मातीचे वर्तुळ रेखाटणारे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग पुढे मशे यांच्या मुलखात येऊन राहिले आणि २००३ साली दोघांच्या कृती ड्युसेलडॉर्फला एकत्र लागल्या. २०११ मध्ये पद्मश्रीही आली. कीर्ती उदंड झाली. तथापि वारली चित्र जगभर पोचूनही वारल्याच्या वनजमिनीच्या दाव्यात ते कोणी दाखल करून घेतल्याचे ऐकिवात नाही.

या अंतराचे खापर कलावंतांवर फोडणे अन्यायाचे होईल. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याखालील २००८ च्या नियमांनी विहिरी, दफनभूमी व देवस्थाने हीदेखील पुराव्यात धरली आणि वृद्धांचे लेखी निवेदनही ग्राह्य ठरविले. मणिबेलीच्या कडेला असलेले शूलपाणेश्वराचे प्राचीन देवालय पाण्याखाली गेले आहे. कुळांची ठिकाणे बुडाली आहेत. तरीही ती ज्यांनी पाहिली अशी माणसे नर्मदाकाठी अद्याप आहेत. त्यांच्या हातून गावशिवाराचा एखादा विस्तीर्ण पट रेखला जावा, तो ग्रामसभेपुढे अंथरला जावा आणि महसूलखात्याच्या नकाशाशेजारी तितक्याच अदबीने नत्थी व्हावा, यात कायद्याचा अडसर मला दिसत नाही. आपली कलादालने आदिवासी कलावंताला भिंत देतात, पारितोषिक देतात. साक्षीदाराचे आसन त्याला मिळायचे आहे, आणि ते देण्याचा अधिकार समीक्षकापेक्षा तहसील कचेरीकडे अधिक आहे.