एकच असेल, तर नमस्कार कोणाला?

तानसा नदी मुंबईकराला माहीत असते ती शहापूर तालुक्यातल्या, 1892 साली पुऱ्या झालेल्या धरणामुळे. धरणाखाली हीच नदी गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध असलेल्या वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या परिसरातून वाहत जाते. गणेशपुरीत भीमेश्वराच्या कुंडात स्नान करून भाविक नित्यानंद स्वामींच्या समाधीपुढे माथा टेकवतात. स्वामींनी 1961 साली इथेच देह ठेवला.

ते फार कमी बोलत. मंगळुरात 1920च्या दशकात त्यांच्या तोंडून निघालेली वचनं भक्तांनी टिपून ठेवली, ती ‘चिदाकाशगीता’ म्हणून ओळखली जातात. त्यांचा रोख अद्वैताचा आहे: आत-बाहेर सगळीकडे एकच चैतन्य. मग माथा टेकवणारा कोण, आणि तो टेकवायचा कोणापुढे?

हा प्रश्न सर्वांत रोखठोकपणे विचारला तो त्याच किनाऱ्यावरच्या उडुपीच्या मध्वाचार्यांनी, तेराव्या शतकात. ईश्वर आणि जीव, ईश्वर आणि जड, जीव आणि जड, जीव आणि जीव, जड आणि जड असे पाच भेद त्यांनी खरे आणि कायमचे मानले. मोक्षातही हे भेद पुसले जात नाहीत. मुक्त जीवांच्या आनंदातसुद्धा तरतम भाव उरतो. प्रेम करायला दोघं लागतात, ही साधी गोष्ट द्वैतमताने शेवटपर्यंत सोडली नाही. मला त्या हट्टाबद्दल मोठा आदर वाटतो.

शंकराचार्यांच्या वेदान्तात उपासनेने चित्त शुद्ध होतं आणि ज्ञानाची वाट मोकळी होते. उत्तर नेटकं आहे, पण त्यात भक्तीचं काम ज्ञानाच्या उंबरठ्याशी संपल्यासारखं वाटतं. गंमत अशी की मध्वमताच्या व्यासतीर्थांनी ‘न्यायामृता’त अद्वैतावर केलेले आक्षेप ‘अद्वैतसिद्धी’ लिहून खोडणारे मधुसूदन सरस्वती स्वतः कृष्णाचे परमभक्त होते. ‘भक्तिरसायन’ लिहून त्यांनी भक्तीला परमपुरुषार्थाच्या जागी बसवलं. आणि व्यासतीर्थांचे शिष्य पुरंदरदास? त्यांची नाममुद्रा ‘पुरंदरविठ्ठल’! पंढरीच्या एकाच विठोबापुढे कन्नड हरिदास द्वैत मनात धरून गातात आणि मराठी वारकरी ज्ञानेश्वरांचं अद्वैत घेऊन नाचतात.

त्या ज्ञानेश्वरांनी तर प्रश्नच उलटा केला. ‘अमृतानुभवा’च्या दहा प्रकरणांपैकी नववं उघडून पाहावं. डोंगर कोरून काढलेलं लेणं ते डोळ्यांसमोर आणतात. देव त्याच दगडाचा, देऊळ त्याच दगडाचं, देवाभोवतीचा परिवारही त्याच दगडाचा. वेरूळच्या कैलासात उभं राहिलं की हे हाताला लागतं: खांब, हत्ती, गाभाऱ्यातली पिंडी, सारा एकच काळा कातळ. तरी देव देव आहे आणि सेवक सेवक आहे. पूजेचा सगळा थाट तिथे मांडलेला आहे. एका दगडात हे होतं, तर एका चैतन्यात भक्तीचा व्यवहार का होऊ नये?

इथे माझी मती गुंग होते. कारण हे शंकराचार्यांच्या उत्तराच्या पुढे जाणं आहे. इथे भक्ती ज्ञानाच्या आधीची तयारी राहत नाही, ज्ञान झाल्यावरच ती खरी फुलते. काही मिळवायचं नाही, कोणाला गाठायचं नाही. ऐक्याचा आनंद ओसंडतो आणि तोच पूजा होतो. असा ज्ञानी मन मानेल तिकडे चालला, तरी ती शिवाची यात्राच ठरते.

शहापूर-मुरबाडच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताहात संध्याकाळी हरिपाठ होतो. टाळ हातात घेऊन पावली खेळणाऱ्यांनी ‘अमृतानुभव’ वाचलेला असेलच असं नाही. परंपरेने मात्र हरिपाठाचे अभंगही त्याच ज्ञानेश्वरांचे, आणि त्यांत सगळा भर आहे तो नाम घेत राहण्यावर.