संधात्याचे शिक्षण

लोखंडाचे दोन तुकडे एकजीव करण्याची कला फार जुनी आहे. गावचा लोहार ते भट्टीत पांढरेशुभ्र होईपर्यंत तापवी, ऐरणीवर एकावर एक ठेवी आणि घणाचे घाव घालून त्यांचा एकच तुकडा करी. परंतु जहाज किंवा पूल ऐरणीवर ठेवता येत नाही. अशा कामी पत्र्यांना भोके पाडून त्यांत रिव्हेट ठोकीत असत. पुढे विजेची शक्ती हाती आली आणि जेथे जोड हवा तेथेच धातू वितळविणे शक्य झाले. ह्या कामास वितळजोडकाम अथवा वेल्डिंग म्हणतात व ते करणाऱ्या कारागिरास संधाता म्हणतात.

हे काम चालते ते असे. संधात्याच्या हातातील पकडीत धातूची एक कांडी बसविलेली असते. कारखान्यात तिला रॉड म्हणतात. कांडीचे टोक लोखंडास क्षणभर टेकवून किंचित उचलले, की मधल्या फटीतून विजेचा प्रवाह वाहू लागतो व डोळे दिपविणारी प्रज्योत प्रकट होते. पोलाद सुमारे 1500 अंश सेल्सियसला वितळते. प्रज्योतीचे तापमान त्याच्या दुपटीहूनही अधिक असते. त्या उष्णतेने दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळतात, कांडीचा धातू त्यांत मिसळतो आणि सर्व थिजले म्हणजे दोहोंचे एक होते. कांडीवर एक लेप असतो. तो जळून निघणारा वायू वितळलेल्या धातूस हवेपासून वाचवितो; कारण हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन त्यात शिरल्यास जोड कमकुवत होतो. लेपाची मळी वर तरंगते व थिजून तिचे कवच बनते. जोड थंड झाल्यावर ते हातोडीने ठोकून काढतात.

हे कसब केवळ पुस्तक वाचून येत नाही. म्हणून भारत सरकारने 1950 साली सुरू केलेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून ते प्रत्यक्ष कामातून शिकविले जाते. वयाची 14 वर्षे पूर्ण झालेल्या व आठवी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना हा एक वर्षाचा अभ्यासक्रम निवडता येतो.

पहिला धडा सुरक्षिततेचा असतो. प्रज्योतीतील जंबुपार किरण डोळ्यांस अपाय करतात. उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते. म्हणून गडद काचेचा मुखवटा, चामड्याचे हातमोजे व जाड बूट घातल्याशिवाय कोणी कामाला हात लावीत नाही.

मग सराव सुरू होतो. आरंभी कांडी लोखंडाला चिकटून बसते. चार-सहा दिवसांनी प्रज्योत स्थिर राहू लागते. तेव्हा पत्र्यावर सरळ रेघ ओढावयाची. हात घाईने सरकला, तर उष्णता खोल पोहोचत नाही. रेंगाळला, तर पातळ पत्र्याला भोक पडते. कढईत भजी तळताना होते तशी सलग तडतड ऐकू आली, म्हणजे काम ठीक चालले आहे असे जाणावे. आडव्या टेबलावर हात बसला, की उभे जोड आणि शेवटी डोक्यावरचे जोड शिकावे लागतात. तेथे वितळलेला थेंब खाली पडू पाहतो आणि त्याला आवरून धरण्यात कारागिराची कसोटी लागते.

जोड तयार झाला, की शिक्षक तो शेगड्यात पकडून वाकवितात किंवा घणाने मोडतात. वरून सुबक दिसणाऱ्या जोडाच्या पोटात कधी अडकलेली मळी निघते, कधी वायूची छिद्रे, तर कधी न वितळलेली कड. आपले सुंदर काम मोडलेले पाहून विद्यार्थ्यास वाईट वाटते. परंतु ह्या धड्याचे मोल फार आहे. जानेवारी 1943 मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ नावाचे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात धक्क्याशी उभे असताना दुभंगले. सदोष जोड आणि थंडीत ठिसूळ होणारे पोलाद ही त्याची कारणे ठरली. रिव्हेटच्या जहाजात तडा बहुधा पत्र्याच्या कडेपाशी थांबतो; वितळजोडाच्या सलग पोलादात तो पुढे धावत जातो.

परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून काम करण्याची सोयही 1961 च्या कायद्याने झाली आहे. जहाजबांधणी, बाष्पित्रे, तेलाचे नळ आणि आगगाडीचे डबे अशा अनेक ठिकाणी संधात्याची गरज असते. चेन्नईतील पेरांबूरच्या कारखान्यात 1955 पासून पोलादी डबे वितळजोडाने बांधले जात आहेत. मोटारींच्या कारखान्यांत आता पुष्कळसे जोड यंत्रमानव देतात. परंतु उंच पुलावर, अरुंद टाकीत वा दुरुस्तीच्या जागी माणसाचाच हात लागतो.

महत्त्वाचे जोड क्ष-किरणांनी तपासतात. तरी प्रत्येक जोड तपासला जात नाही. प्रवासी डब्यात निश्चिंत झोपतो. जोड कोणी दिला हे त्याला ठाऊक नसते. आतली कड पुरती वितळली की नाही, हे त्या वेळी एकट्या संधात्यालाच कळते. कोणी पाहत नसतानाही ती पुरती वितळविणे, हेच त्याच्या शिक्षणाचे सार होय.