पाचोळा मातीवर, मातीत नव्हे

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत पिंपळाच्या आणि बदामाच्या पानांचे ढीग लागतात आणि सकाळी एखाद्या कोपऱ्यातून धूर निघतो. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ठरवून दिला, तरी हा धूर थांबलेला नाही. त्याच ढिगातला पोतंभर पाला उचलून कुंड्यांत आच्छादन म्हणून पसरा म्हटलं, की उत्तरं ठरलेली असतात : वाळवी लागेल, झाड पिवळं पडेल, कुजून वास येईल. या भीतीत तथ्य आहे, पण थोडंच. आणि तेही पाला चुकीच्या जागी पडला तर.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे आच्छादन हे खत आहे. खत समजून लोक सुका पाला किंवा भुसा मातीत कालवतात आणि तिथेच घात होतो. सुक्या पाल्यात कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण पंचवीस भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतो. लाकडाच्या भुशात कर्ब त्याच्या कितीतरी पट, शेकड्यांत असतो. मग कमी पडलेला नत्र जिवाणू मातीतून ओढून घेतात आणि तुमचा पालक पिवळा पडतो. ‘भुसा नत्र खातो’ हे वाक्य इथून आलं. तोच भुसा मातीवर नुसता पसरलात, तर ही ओढाताण भुसा आणि माती जिथे टेकतात तेवढ्या पातळ थरापुरती राहते. मुळं त्याच्या खाली असतात, त्यांना झळ लागत नाही. फक्त भुसा साध्या लाकडाचा हवा; प्लायवूडचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात.

‘जाड थर म्हणजे जास्त फायदा’ या समजुतीपायी मी एक लिंबू घालवलं आहे. मे महिना होता, म्हणून प्रेमाने वीतभर पाला बुंध्याशी रचून ठेवला. जुलैत पानं मलूल दिसली म्हणून ढीग बाजूला केला, तर मातीलगतची साल तपकिरी, बुळबुळीत झाली होती. नखाने ओढताच ती सोलून हातात आली. सालीला मुळांसारखी सतत ओल सोसत नाही. तेव्हापासून थर दोन-तीन इंचांचा, आणि बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी, हा माझा नियम आहे. नुकत्याच पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीवर तर काहीच पसरू नये. रोपं बोटभर उंच झाली, की ओळींच्या मधे पातळ थर द्यावा.

वाळवीचं मुख्य खाणं म्हणजे मेलेलं लाकूड आणि सुका पाला. पाण्याच्या ताणाने खंगलेल्या रोपाला ती त्रास देते, हे खरं. पण खालची माती ओलसर असलेल्या, तजेलदार झाडाला सहसा नाही. पाला घराच्या भिंतीला आणि लाकडी चौकटींना मात्र टेकवू नका. मुंग्या येतात त्या बहुधा रसवंतीतून आणलेल्या उसाच्या ताज्या चिपाडांवर, उरलेल्या गोडीमुळे. चार दिवस कडक उन्हात वाळवली, की चिपाडं उत्तम आच्छादन होतात. लॉनचं ताजं कापलेलं गवतही वाळवूनच घालावं. ओलं जाड रचलं तर ते तापतं, चिकटतं आणि घाण वास सोडतं.

पावसाळ्यात आच्छादन काढून टाकावं, असंही सांगतात. उलट तेव्हा ते हवंच. उघड्या मातीवर थेंब आपटले, की चिखल पानांवर उडतो आणि त्यासोबत मातीतली बुरशीही. गोगलगायी दिसू लागल्या, तर थर पातळ करा, तेवढं पुरे.

पांढरे गोटे शोभेला ठीक, पण ते उन्हाने तापतात आणि मातीला काही देत नाहीत. शेतातला प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर ठिबकबरोबर वापरण्यासाठी आहे. झारीने पाणी घालायच्या कुंडीत त्याचं काम नाही.

सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीत बीजामृत, जीवामृत आणि वाफसा यांच्या जोडीला आच्छादन येतं, ते उगाच नाही. मे महिन्यातल्या दुपारी उघड्या कुंडीत बोट घाला, मग पाल्याखाली घाला. पहिल्या कुंडीतली माती भाजते आणि नखाला टणक लागते, दुसरीतली गार, भुसभुशीत असते. मात्र आच्छादन घातलं म्हणून पाणी बंद करू नका. वरवरचा शिडकावा पालाच पिऊन टाकतो. पाणी थर बाजूला सारून, मातीला द्या.

पानगळ होते मार्चच्या आसपास आणि खरी गरज पडते एप्रिल-मेमध्ये. म्हणून झाडूवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा आणि काडी लागण्याआधी दोन पोती भरून कोरड्या जागी ठेवा.